टोलेडोला कोच हवाय

१ जानेवारी २००८, मंगळवार

नवी वही. अकरा वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलेल्या बाईने वर्षाची सुरुवात डेटाने करावी, म्हणून आधी परिस्थिती मांडते.

वय बेचाळीस. पुण्यातली नोकरी सोडून साडेचार वर्षं. त्यातली दोन अमेरिकेत, टोलेडोला. अडीच इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला. दोन्ही शशिधरच्या प्रोजेक्टपायी. स्वराली तेरा वर्षांची. सकाळी साडेआठला ती शाळेत जाते, हा ऑफिसला. साडेतीनपर्यंत घरात मी.

संकल्प:
कॉलेजचा अर्ज भरणे. बसने वीस मिनिटांवर आहे, गणिताची पार्ट टाइम शिक्षिका हवी आहे. शेवटची तारीख २५ जानेवारी.
रोज अर्धा तास चालणे.
फोरम बंद.

फोरम म्हणजे टोलेडो पायोनियर्स या टीमच्या चाहत्यांचा, इंटरनेटवरचा. अमेरिकन फुटबॉल. टोलेडोत शेजारच्या आजीबाईंनी शिकवलं, कारण बर्फ पडला की दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फोरमवर माझं नाव ‘प्रोफेसर’. सगळ्यांची समजूत आहे की मी लंडनमधला कोणी रिटायर्ड म्हातारा. मी खोटं बोललेले नाही. कुणी विचारलं नाही.

सकाळी ११. फोरम उघडला. संकल्प मोडला असं नाही. काल टीमने कोचला काढलं. घरात मयत झालं तर माणूस भेटायला जातोच.

३ जानेवारी

अर्जाचा फॉर्म प्रिंट केला. नाव, पत्ता, शिक्षण भरलं. पान चारवर ‘स्वतःविषयी पाचशे शब्द’. त्याखाली चौकट: ‘नोकरीत खंड पडला असल्यास कारण द्या’. चौकट अगदी लहान आहे. पेन ठेवलं.

चालायला गेले. राउंडअबाउटपर्यंत पोचले. पलीकडे जायचा भुयारी रस्ता कुठून सुरू होतो ते कळेना. गाड्या गोल गोल फिरत होत्या, मी उभी. परत आले. अकरा मिनिटं. अर्ध्या तासाच्या जवळपास.

७ जानेवारी, सोमवार

कोचसाठी दोन नावं पुढे आली आहेत. डेनिस कार्व्हर, छत्तीस वर्षांचा, असिस्टंट. आणि वॉल्टर ब्रिग्ज, एकसष्ट, जुना जाणता, पण पाच वर्षं खेळाबाहेर. बायको आजारी होती, म्हणून घरी बसला.

फोरमवरचे म्हातारे ब्रिग्जसाठी हळवे झालेत. बिग रे हा ट्रक चालवतो आणि माझं सगळं मनापासून वाचतो. तोसुद्धा म्हणाला, प्रोफेसर, माणूस सोन्यासारखा आहे, घ्यायला हवा.

कुणीतरी ताळ्यावर राहायला हवं. उद्या लिहिते.

८ जानेवारी

लिहिलं. तीन हजार शब्द. सकाळी नऊ ते दुपारी तीन. जेवण राहिलं.

मुद्दा असा: पाच वर्षांत खेळ बदलतो. मुलं बदलतात, त्यांची भाषा बदलते. घरी बसण्याचं कारण सहानुभूतीचं आहे हे मान्य, पण सहानुभूतीवर मॅच जिंकता येत नाही. बाहेर राहिलेला माणूस आपल्या आठवणीतल्या टीमला शिकवत राहतो, समोरच्या नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

बिग रे म्हणाला, डोळे उघडले, प्रोफेसर. मॉडरेटरने लेख फोरमच्या डोक्यावर चिकटवून ठेवला, म्हणजे येणाऱ्याला आधी तोच दिसेल.

अर्ज: प्रगती नाही. पण लिहायचा हात मोकळा झाला, तो अर्जाला उपयोगी पडेलच.

१२ जानेवारी, शनिवार

सुमेधाचा वॉटफर्डहून फोन. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. ती इथे आठ वर्षं नोकरी करतेय, त्यामुळे तिला सगळं सोपं वाटतं. म्हणाली, झाला का गं अर्ज? मी म्हटलं, ड्राफ्ट तयार आहे. ती म्हणाली, वाचून दाखव. मी म्हटलं, कुकर लागलाय. ती म्हणाली, कुकरला काय ऐकू जातंय? वाच.

बेल वाजली असं सांगून फोन ठेवला.

१६ जानेवारी

फोरमवर ‘जर-तर’चा धागा निघालाय. १९९९ साली पायोनियर्सनी दुसरा क्वार्टरबॅक निवडला असता तर? क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू. चुकीचा निवडला की दहा वर्षं गेली.

मी नऊशे शब्दांत सिद्ध केलं की जर-तर हा हरणाऱ्यांचा उद्योग आहे. निर्णय झाला की झाला.

त्यावरून सहज आठवलं. जुलै २००३. कॉलेजने मला विभागप्रमुख केल्याचं पत्र आणि शशिधरचं टोलेडो एकाच आठवड्यात आलं. निर्णय सर्वस्वी माझा होता. शशिधरने जोर केला नाही. म्हणाला, तू ठरव, आसावरी. तिकिटं तेव्हा काढून झाली होती, पण ती रद्द करता आली असती.

हे कशाला लिहिलं? जर-तर नव्हे, नोंद म्हणून.

२५ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ९. आज दुपारी बारापर्यंत अर्ज पोचवायचा. पाचशे शब्दांपैकी सतरा झाले आहेत. मला गणित शिकवण्याची आवड आहे, अशा अर्थाचे. पुढचं बसमध्ये सुचेल.

१०.२० टोलेडोने कार्व्हरला निवडल्याची बातमी. म्हणजे माझा मुद्दा मानला. फोरमवर माझं अभिनंदन चाललंय. अशा वेळी उठून जाणं उद्धटपणाचं.

१२.०५ घड्याळ स्वयंपाकघरातलं पाच मिनिटं पुढे आहे. पण बस वीस मिनिटांची.

संध्याकाळी शशिधरने विचारलं, दिलास का? मी म्हटलं, त्यांना तरुण माणूस हवा असणार. तो म्हणाला, असं लिहिलंय जाहिरातीत? मी म्हटलं, ओळींच्या मधलं वाचता यावं लागतं. त्याने आमटी वाढून घेतली. चांगला आहे. वाद घालत नाही. कधी कधी वाटतं, घालावा.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजने तीच जाहिरात पुन्हा दिली! मनासारखं कुणी मिळालं नाही. मी हेच म्हणत होते. घाई न करण्यात शहाणपण असतं. मुदत १४ मार्च.

४ मार्च

क्वार्टरबॅक निवडीची तयारी. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, त्यात जास्त हरलेल्या टीमला नवे खेळाडू आधी निवडता येतात. टोलेडो मागच्या वर्षी जवळजवळ सगळ्या मॅच हरल्यामुळे कॉलेजच्या पोरांमधून तिसऱ्या क्रमांकाने निवड करायची संधी आहे. दोघे नजरेत: हॅलोरन आणि क्रूझ.

फोरमचे लोक फक्त हाताची ताकद आणि धावण्याची सेकंदं बघतात. मी आमच्या मावशीची पद्धत लावली. मावशीने घरातली एकोणीस लग्नं जमवली. मुलगा बघायला जायचं तर चहा-पोह्यांकडे नाही, तो रिकामी बशी कुठे ठेवतो तिकडे बघायचं.

हॅलोरन: सहा फूट पाच. मोठं कॉलेज. मुलाखतीनंतर पाण्याची बाटली टेबलावर तशीच सोडून उठला. लाडावलेला.
क्रूझ: सहा फूट, लहान गाव. आई प्रत्येक मॅचला येते आणि मुलगा पडला की डोळे मिटत नाही. घरचं वळण उत्तम. मधल्या काळात खांदा दुखावला होता, ते लपवलेलं नाही.

माझं मत क्रूझ. बिग रे म्हणाला, चाळीस वर्षं हा खेळ बघतोय, बाटलीकडे कुणी बघितलं नव्हतं.

१३ मार्च

अर्ज पूर्ण. एका बैठकीत. युक्ती सापडली: स्वतःविषयी लिहिता येत नाही, पण प्रॉस्पेक्टविषयी, म्हणजे ड्राफ्टमधल्या पोरांविषयी, येतं. म्हणून आधी लिहिलं, ‘उमेदवाराची समज उत्तम, दबावाखाली स्थिर, घरचं वळण चांगलं.’ मग सगळीकडे ‘मी’ घातलं आणि वळण खोडलं. खंडाच्या चौकटीत लिहिलं, ‘कौटुंबिक कारणाने परदेशी वास्तव्य’. चौकट पुरली. जागा उरलीसुद्धा.

शशिधर ऑफिसला जाता जाता टाकणार होता, पण मी स्वतः बसने जाऊन दिला. रिसेप्शनवरच्या मुलीने शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज किती छान असतो.

८ एप्रिल

इंटरव्ह्यूचं पत्र! १७ तारखेला. दहा मिनिटं शिकवून दाखवायचं आणि मग प्रश्न.

सुमेधा फोनवर किंचाळली. म्हणाली, आता ते खडू-फळा डोक्यातून काढ, इथे वर्गात स्मार्ट बोर्ड असतो, ये माझ्याकडे दोन दिवस, आमच्या शाळेत दाखवते. मी म्हटलं, बघते. वॉटफर्डला जायचं म्हणजे लंडनमधून ट्रेन बदलायची. शिवाय बोर्ड तो बोर्डच. अकरा वर्षांत मी चार हजार तास घेतलेत.

स्वराली म्हणाली, आई, तुझा नोकरी मिळाला तर मला घराची किल्ली मिळेल? मी म्हटलं, तुझी नोकरी, मिळाली. ती म्हणाली, माझी नाही, तुझा. मग ती येऊन गळ्यात पडली. खूप दिवसांनी. शाळेतून आल्यावर मी दार उघडते याचा तिला कंटाळा आला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

१६ एप्रिल

तयारी उत्तम. विषय: संभाव्यता. उदाहरण: नाणेफेक. मनात वर्ग घेऊन पाहिला. समोर पहिल्या बाकावर फर्ग्युसन रोडवरून सायकलने येणाऱ्या माझ्या मुली दिसल्या, वेण्या घातलेल्या. सगळ्या हसत होत्या.

निकालाबद्दल शंका नाही. दुपारी फक्त वीस मिनिटं फोरम.

१७ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी ५. चांगला झाला.

मार्गारेट नावाच्या विभागप्रमुख, माझ्याच वयाच्या. खऱ्याच मुलांसमोर शिकवायचं होतं, सहा जण. मी स्मार्ट बोर्डावर साध्या मार्करने लिहिलं. ते पुसता येत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक मुलगा हसला. त्यालाच मी प्रश्न विचारला आणि त्याने बरोबर उत्तर दिलं, हे महत्त्वाचं. मार्गारेट म्हणाल्या, इंटरेस्टिंग अप्रोच.

मग त्यांनी नव्या सिलॅबसबद्दल विचारलं. मी म्हटलं, गणित बदलत नाही. त्यांनी लिहून घेतलं.

साठ-चाळीस माझ्या बाजूने. सत्तर-तीससुद्धा म्हणता येईल.

१८ एप्रिल, शुक्रवार

११.१५ मार्गारेटचा फोन. नाही.

फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमची विषयावरची पकड इतर सगळ्यांपेक्षा वरची. पण वर्गापासून पाच वर्षं दूर आहात आणि ते जाणवलं. काल समोर जी मुलं होती त्यांना नाही, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी मुलांना शिकवत होतात.

मी थँक यू म्हटलं. दोनदा.

कॉम्प्युटर लावला. सवयीने. फोरम उघडला की सर्वांत वर माझाच लेख दिसतो, वॉल्टर ब्रिग्जवरचा. चौदा हजार लोकांनी वाचलाय. मी पुन्हा सगळा वाचला. शेवटच्या वाक्याशी पोचले आणि उठून भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

१.३० ब्रिग्जची बाजू मांडणारा लेख लिहायला घेतला. त्या माणसाने पाच वर्षं रोज औषधांच्या वेळा सांभाळल्या, कुणाला कधी उठवायचं आणि कधी नाही ते शिकला. कोच आणखी वेगळं काय करतो? पाच वर्षांत एकाही टीमने त्याला साधं विचारलं नाही, मग आता म्हणायचं की तो बाहेर राहिला?

२.४० लेख टाकला.

३.०० बिग रे: प्रोफेसर, तब्येत बरी आहे ना? एप्रिल चाललाय. ती जागा जानेवारीतच भरली.

मॉडरेटरने लेख ‘अवांतर’मध्ये हलवला. मी लिहिलं की जानेवारीतला लेख खाली काढा. तो म्हणाला, कशाला, तुमचं सर्वांत उत्तम लिखाण आहे ते.

साडेतीनला स्वराली आली. दार मीच उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं. बॅग ठेवली आणि दोघींसाठी टोस्ट केले. जळले होते. खाल्ले.

२६ एप्रिल, शनिवार

ड्राफ्ट. रात्री आठला सुरू होणार. बघणार नव्हते, पण शशिधरनेच लॅपटॉप आणून ठेवला. म्हणाला, तो तुझा क्रूझ बघू. त्याला नाव माहीत होतं. दोन महिन्यांत मी त्याला सांगितल्याचं आठवत नाही.

टोलेडोने तिसऱ्या नंबरला ना हॅलोरन घेतला ना क्रूझ. एक भलादांडगा अडवणारा घेतला, एकशे चाळीस किलोचा. शशिधर म्हणाला, आता? मी म्हटलं, आता क्रूझ वाट बघेल. तो म्हणाला, किती? त्याने जाऊन चहा केला. मग पाठमोरा असतानाच म्हणाला, तिकिटं मी आधी काढायला नको होती. मी म्हटलं, कसली? म्हणाला, टोलेडोची.

मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. कमी नव्हती.

६ मे

मार्गारेटचा पुन्हा फोन! मी म्हणतच होते, अशा माणसाला ते सोडणार नाहीत.

परीक्षांसाठी सुपरवायझर हवे आहेत, त्याला इथे इन्व्हिजिलेटर म्हणतात. पाच आठवडे. म्हणाल्या, कॉलेजची ओळख होईल, मुलं कशी असतात ते दिसेल. मी एकदम हो म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि श्वास घेऊन हो म्हटलं.

हा सरळ सरळ कोचिंग स्टाफमधला प्रवेश आहे. कार्व्हरने सुरुवातीला फक्त हेल्मेटं मोजली होती. सप्टेंबरपर्यंत वर्ग माझ्याकडे येईल. सुमेधाला ‘कॉलेजमध्ये लागले’ एवढंच सांगितलं. ती रडली. आता खरं सांगणं अवघड.

१९ मे, सोमवार

पहिला दिवस. गणिताचाच पेपर. एकशे वीस मुलं, जिमखान्याएवढा हॉल, ओळीने टेबलं. सकाळी ९.१५ ते १०.४५.

नियम: वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, बसायचं नाही. नुसतं ओळींमधून फिरायचं.

नऊ फेऱ्या झाल्या. तिसऱ्या ओळीत एका मुलीने सातव्या प्रश्नात अधिक-उण्याची चूक केली. पहिल्याच पायरीवर. मी तिच्यामागून चार वेळा गेले. ती पान उलटून पुढे गेली, मग पुन्हा मागे आली, प्रश्नाकडे बघत राहिली. तिला कळत होतं की काहीतरी चुकतंय. मला उत्तर माहीत होतं. दोघी तशाच. शेवटी तिने हात वर केला. मी जवळजवळ धावले. तिला जादा कागद हवा होता. दिला. थँक्स, मिस, म्हणाली.

मिस. पाच वर्षांनी.

पेपर संपल्यावर मार्गारेटनी मला बाजूला बोलावलं. सप्टेंबरचं असणार, म्हणून मी केस सारखे केले. म्हणाल्या, काम छान झालं, फक्त एक तक्रार आहे: चालताना पावलांचा आवाज होतो, मुलांचं लक्ष जातं. उद्यापासून मऊ तळव्याचे बूट घालून या.