डॉक्टरला मराठी कशाला?

बाबा, अकरावीला विषय निवडायचे होते, त्या दुपारी तुम्ही पापडी गावातला तुमचा दवाखाना लवकर बंद करून घरी आलात. आई भाकऱ्या थापतेय, मी ओट्याशी बसून फॉर्म भरतेय, आणि तुम्ही हातही न धुता मराठीवर काट मारता, तिथे मार्क देणारा दुसरा विषय घालता. "पेशंट काय तुझ्याकडे कविता ऐकायला येणारेत?" मी तोच फॉर्म कॉलेजात दिला. पुढे डॉक्टर झाले, आता डॉक्टर घडवते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण उत्तर द्यायचं राहून गेलंय.

मागे वॉर्डात भातशेती करणारी एक बाई आली. "जीव घाबरतो, पानीबी जात नाय," एवढंच म्हणत होती. माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीने 'मानसिक ताण' लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. मी बाईजवळ बसले. "घाबरतो म्हणजे कसा, मावशी?" "कोन छातीवर बसल्यावानी." ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक. बाई वाचली. त्या मुलीला हृदयाच्या सगळ्या रक्तवाहिन्या तोंडपाठ आहेत, बाबा. 'म्हणजे कसा' हे विचारायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टर होणाऱ्यांनी प्रवेशाआधी काय शिकलंच पाहिजे, याची शिफारस ठरवायला कॉलेजात बैठक झाली. मी त्या बाईची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, भौतिकशास्त्रातली निम्मी गणितं काढा आणि इथल्या माणसांची भाषा सक्तीची करा. गोष्टी वाचू देत, ऐकलेलं सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहू देत. अध्यक्ष हसले. "मॅडम, ती चूक निदानाची होती, भाषेची नाही." "मग निदान सुरू कुठून होतं, सर?" मी टेबलावर हात आपटून विचारलं, पण प्रस्ताव पडला. मी माझा विरोध नोंदवायला लावला आणि त्याच आठवड्यात मुलांना चंदनसार गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. स्टेथोस्कोप पिशवीत ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. सगळ्यात आधी तीच मुलगी आली. मार्क नाहीत, हजेरी नाही, तरी मुलं येतात. उद्या कुणी बंद करा म्हणालं, तर बाहेर झाडाखाली वर्ग घेईन.

आणि तुम्ही? नंदाखाल गावची माणसं वाट वाकडी करून तुमच्याकडे यायची, ती काय तुमची मार्कशीट बघून? तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचात, त्यांचं बोलणं मध्येच तोडायचा नाहीत. तुम्हाला ते घरातच मिळालं, म्हणून तो विषय वाटलाच नाही. माझ्याशी मात्र सगळं पुस्तकी बोललात. तुमचं चुकलं, बाबा. प्रस्ताव मी पुन्हा मांडणार आहे.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच इतकं रोखठोक लिहिता आलं. एक तेवढं सांगते. बैठकीत टेबलावर हात आपटला, तेव्हा माझा आवाज थेट तुमच्यासारखा निघाला. मला तो आवडला.