मधलं दार आणि डाव्या पायाची चप्पल

मी, हरिबा भिमा कोळपे, वय एकावन्न, नोकरी एस.टी.त, राहणार शिरूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, दाराच्या आवाजाखाली लिहीत आहे. घोडनदीकडून वारा सुटलाय आणि आज सकाळपासून आमच्या घराचं मधलं दार अकरा वेळा आपटलं. का, ते शेवटच्या कलमात. बाराव्या वेळी छाती बंद पडायच्या आत लिहिलेलं बरं. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घराचा माझा अर्धा भाग आणि बँकेतली शिल्लक पत्नी सिंधूबाईस. तिच्यामागे, दौंडला दिलेली आमची मुलगी पूनम हिला. यात भांडायला जागा नाही.

२. भांडायला जागा मधल्या दारात आहे. वाटणीच्या वेळी पंचांनी दोन अर्ध्यांमधलं हे दार माझ्या वाट्याला दिलं आणि ते उघडं धरायला लावायचा वरवंटा थोरले बंधू हौसराव यांच्या. न्याय पक्का झाला म्हणून पंच जेवून गेले. आई, पुतळाबाई, थोरल्याकडे राहायची. तिची एकच अट होती : "दिवसा दार लावायचं न्हाई. मला दोन्ही चुली दिसाया पायजेत."

३. तेव्हा दार उघडं ठेवायला मी जे जे आणलं ते सर्व हौसरावांस देण्यात यावं. रबरी पाचर : शहाबादी फरशीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसून मगच लावावी, नाहीतर घसरते. लावावी ती दाराच्या मोकळ्या टोकाला. बिजागरीकडे ठोकली की बिजागरी वाकते. ती त्यांनीच वाकवली आहे. चुंबकाचा स्टॉपर : पुण्याचा, दिसायला देखणा, पहिल्या वाऱ्याला सुटतो. बंधूंना स्वभावाने जवळचा वाटेल. फडक्यात गुंडाळलेली वीट : दार धरते, पण अंगठे फोडते.

४. अंगठ्यावरून आठवलं. १९९८ चा मे, मंगळवार, माझी साप्ताहिक सुट्टी. दुपारी दार बंद झालं आणि पलीकडून कडी लागली. मी मूर्ख. बरं झालं, आपटायचं थांबलं, असं म्हणून कुशीवर वळलो. थोड्या वेळाने कडी वाजली, दार वीतभर ढकललं गेलं आणि फटीत एक पाय आला. थोरल्या वहिनी, भागुबाई.

"भावजी, उठा! म्हातारीचा अंगठा घेत्यात!"

आतून हौसराव ओरडले, "दार लाव गं, वाऱ्यानं कागद उडत्यात!" आणि त्यांनी दार ओढलं. सख्ख्या बायकोचा पाय मध्ये असताना ओढलं. पाय निघाला, नख गेलं, चप्पल अडकून राहिली. तिच्यामुळेच दार लागलं नाही आणि मी आत शिरलो. उशीर झाला होता. वकिलाचा कारकून शाईचा डबा मिटत होता. आई लुगड्याच्या पदराला अंगठा पुसत म्हणाली, "आरं, रेशनकारडाचं हाय. हौसा म्हणला."

ते कुलमुखत्यारपत्र होतं. दौंडजवळची तिच्या माहेरची दोन एकर महिन्यात विकली गेली. मरेपर्यंत ती रेशनकार्ड कधी येतं म्हणून विचारायची. मी येईल म्हणायचो. हे खोटं मीही बोललो, याची नोंद व्हावी.

५. आता हौसरावांना अर्धं घर विकायचंय, म्हणून मधलं दार विटांनी बुजवायचंय. परवा गवंडी पाठवला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावला. तरी सदर दार, चौकट वगळून, मी भागुबाई हौसराव कोळपे यांस देत आहे. उघडायचं, लावायचं की बुजवायचं, ते त्यांनी ठरवावं. त्यांच्या सहीशिवाय वीट लागू नये.

६. ती चप्पल डाव्या पायाची. पाच वर्षं दुमडून दाराखाली घातली, तसा स्टॉपर दुसरा झाला नाही. उजवी वहिनींनी खुंटीवर ठेवलेली मला दिसते. त्या दिवशी त्या अनवाणी स्वयंपाकाला लागल्या आणि मी त्यांना साधं 'पाय कसाय' विचारलं नाही. आज सकाळी जुनीचं माप देऊन नवा जोड घेतला आणि जुनीसकट उंबऱ्यापलीकडे ठेवून आलो.

त्यामुळे दाराला सध्या काही नाही. वरचं शेवटचं कलम मी दाराशी बसून, डावा पाय दाराला लावून लिहिलं आहे.

समक्ष : बयाबाई गडदे, शेजारीण (अंगठा, वाचून दाखवून घेतलेला)
समक्ष : सत्यजीत शितोळे, वाहक
लिहून देणार : हरिबा भिमा कोळपे
शिरूर, १७ मे २००३