गजराचं घड्याळ रोज पुढे

सोम. ४ फेब्रु. ७४
आज पुन्हा घंटा लवकर झाली. शाळेचं घड्याळ दुरुस्तीला गेल्यापासून ह्यांचं गजराचं घड्याळ पिशवीतून नेते, त्यावर सातची घंटा देते. गुरुजी कर्जतहून येईपर्यंत घंटा होऊन गेलेली असते. आज त्यांनी मनगट पुढे केलं. "मावशी, हे बघा. पुन्हा पुढे."
वाडीतली पोरं डोंगर उतरून येतात. फाटकाबाहेर राहिली. फाटक मीच लावलं होतं.

मंगळ. ५
काल संध्याकाळी वाण्याच्या रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकून काटे लावले. बरोबर होतं. सकाळी पुढे. कधी थोडं, कधी बरंच. वजा तरी किती करू?
वाणी म्हणतो, "रेडिओ खोटा बोलंल काय, वैनी?"
सकाळी त्याचं दुकान बंद. तेव्हा विचारायचं कुणाला?

बुध. ६
गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचलं, घड्याळ उन्हात ठेवू नये. उशाजवळच्या खिडकीतलं उचलून फडताळात ठेवलं. किल्लीही कमी दिली. फरक नाही.

गुरु. ७
कर्जतला घड्याळजीकडे. उघडलं, फुंकर मारली, कानाला लावलं. "घड्याळ चांगलंय, मावशी. बिघडलं असतं तर रोज जरा जरा सरकलं असतं. हे उडी मारतंय. घरात हात कोण लावतं?"
हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सासूबाई आणि मी.
गुरुजी म्हणाले, सोमवारी पण चुकली तर घंटेला दुसरा माणूस बघतो. आमची चूल ह्या घंटेवर.

शुक्र. ८
विचारलं. "आय, घड्याळाला हात लावता का?"
भडकल्या. "मला आकडं येत नाय. मी काय करू त्याला, लोणचं घालू?"
मग भांडी घासता घासता आपणहून, "माझा ल्योक रसायनीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, तवा काटा तूच सारायचीस गं. पहाटं, तो उठायच्या आधी. बस चुकू नये म्हणून. त्या येड्याला शेवटपर्यंत कळलं नाय."
हसल्या. मीही.
खरं आहे. पण ते तेव्हा. आता कुणाची बस...

शनि. ९
पुढे. चार पोरं बाहेर. फाटक उघडून आत घेतली. गुरुजींनी पाहिलं.

रवि. १०
संध्याकाळी ठोक्यांवर लावलं. काटे फिरवायच्या मागच्या कळीला चिमणीची काजळी चोळली. हात साबणाने धुतले. सासूबाईंना सांगितलं नाही. वाईट वाटलं.

सोम. ११
उठल्या उठल्या सासूबाईंची बोटं पाहिली. स्वच्छ.
"काय बघतेस गं? नाडी?"
भाकरी थापायला बसले. पहिल्याच भाकरीवर काळा अंगठा उमटला.
काल लावताना राहिली असेल काजळी. पण हात धुतले होते. पहाटेचं आठवून पाहते. उठले, चूल पेटवली. त्याच्या आधीचं काहीच नाही.

शाळेच्या पायरीवर बसून लिहिते आहे. घड्याळ मांडीवर, सात व्हायला आलेत म्हणतं. डोंगरावरची पायवाट दिसते, पोरं दिसत नाहीत. काटा मागे घ्यायला हवा.
तेव्हा ह्यांच्यासाठी किती सारायचे मी? तेवढं आठवलं तर तेवढंच मागे घेता येईल.