किल्ली काढलेली होती

मी, ग्रेस शलमोन पाटोळे, वय चौसष्ट, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, माझ्यामागे कोणी भांडू नये म्हणून हे लिहून ठेवते. पोटातली गाठ पसरली आहे. डोके शाबूत आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मुलगी मोनिका म्हणाली, "आई, केविनचं नाव घरावर राहू दे ना." मी ऐकून घेतले.

१. सावेडीचे घर मोनिकाला. मुलगा केविन याचा त्यात हिस्सा नाही. कारण लिहिणे भाग आहे.

माझे पती शलमोन हे टँकरमालक काकासाहेबांच्या गाडीवर चालक होते. तालुक्यातल्या आसवनीतून (डिस्टिलरीतून) स्पिरिट न्यायचे. एका डेपोत त्यांनी गाड्यांच्या हवेच्या नळीत झडप पाहिली होती. स्पिरिटची वाफ हवेबरोबर इंजिनात शिरली की तीच इंधन होते. मग डिझेल तोडून उपयोग नसतो, इंजिन फुटेपर्यंत पळत राहते. वेग हाताबाहेर गेला की ही झडप मिटते, हवा तुटते आणि इंजिन थांबते. शलमोन यांनी ती मागितली. काकासाहेब म्हणाले, "परवान्याला लागतं तेवढं बसवलंय. बाकी देव हाय."

२०१७ च्या मार्चमध्ये शलमोन भरलेली गाडी घेऊन निघाले, तोच शेजारच्या टँकरचा पाईप निसटला. आसवनीच्या आवारात स्पिरिट पसरले. त्यांच्या गाडीच्या इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागला. टँकर भरायच्या पंपावर कामाला वैजनाथ ढोकणे होते. त्यांनी मला सांगितले ते असे: शलमोन यांनी किल्ली काढून त्यांना दाखवली आणि ओरडले, "वैजनाथ, पळ. किल्ली काढलीय, तरी थांबत न्हाई." स्वतः मात्र अंगातला शर्ट काढून हवेच्या नळीच्या तोंडावर दाबू लागले. भडका उडाला. वैजनाथ त्यांना ओढायला मागे फिरले, त्यात त्यांचे दोन्ही हात भाजून निकामी झाल्यासारखे झाले. शलमोन जागीच गेले.

चौकशीत लिहिले गेले की चालकाने इंजिन बंदच केले नाही. वैजनाथ दवाखान्यात होते. त्यांचा जबाब घ्यायला कोणी गेले नाही. केविनने मात्र वारसाच्या नात्याने त्या कागदाखाली "मान्य" म्हणून सही केली आणि महिनाभरात काकासाहेबांच्या गाडीवर चढला. त्याचे लग्न ठरले होते, हाताला काम नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाला, "पप्पा तर गेले, आई. मला जगायचंय." मला ते कळते. कळणे वेगळे आणि माफ करणे वेगळे.

२. बँकेतील ठेवीतून सर्वांत आधी केविनच्या टँकरला हवा बंद करणारी झडप बसवावी. आता गाडी त्याची स्वतःची आहे आणि तो स्पिरिटच वाहतो. मी त्याला सांगितले तर म्हणाला, "नवी गाडी हाय, काही होत न्हाई." झडप बसल्यावर ती मिटून इंजिन खरोखर थांबते, हे मोनिकाने शेजारी उभे राहून पाहावे. त्याने नकार दिला तर पुन्हा विचारावे. तो गाडी चालवतो तोवर विचारत राहावे. उरलेली ठेव मोनिकाची.

३. शलमोन यांची हत्यारे विकू नयेत. जावई हर्षल यांना उपयोग असेल तर त्यांनी वापरावीत.

४. मला शलमोन यांच्या शेजारी पुरावे. काकासाहेबांचा हार आला तर परत पाठवावा. घेऊन येणाऱ्याला चहा द्यावा, त्याचा दोष नाही. केविनने खांदा द्यावा. तो नको, असे मी कधी म्हटले नाही.

५. वैजनाथ ढोकणे यांना मी काहीही देत नाही. द्यायला पुष्कळ होते. पण मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही ठेवले तरी ते मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. मी त्यांना विचारले, काय हवे? म्हणाले, "बाई, मला काय नको. कुणीतरी माझी सही घ्या."

वरील मजकूर मी वाचला, बरोबर आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ग्रेस शलमोन पाटोळे

साक्षीदार:
सुरेखा कोतकर, शेजारी — सही
वैजनाथ ढोकणे, घटनेच्या वेळी हजर — सही (पेन दोन्ही मनगटांत धरून, स्वतः केली)

स्थळ: अहिल्यानगर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५