पडद्यावर सतत मरणाऱ्या राफाएल अंकलना

प्रिय राफाएल अंकल,

काल दुपारी तुम्ही टीव्हीवर आलात. मी पोळ्या लाटत होते आणि बाहेरून इरा ओरडली, "आई, कम लाह! अंकल!" लाटणं हातात घेऊनच धावले. पिवळ्या धुळीतून घोडा दौडवत तुम्ही येत होतात. वय असेल तिशीचं. काळ्याभोर मिशा, खांद्यावर काडतुसांचा पट्टा, आणि काय तो आव! तुम्ही कसलीशी धमकी दिलीत, नायकानं गोळी झाडली आणि जाहिराती लागायच्या आत तुम्ही मेलात.

आम्ही दोघी हसलो. मग इराला रडू फुटलं, आणि तिला जवळ घेता घेता मलाही. तुमच्या अंत्यविधीला माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, अंकल. सगळा वेळ तुमच्या बायकोला, मेई लिंगला, सावरण्यात गेला. म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला दुसऱ्या भाषेत नीट बोलताच येत नाही. चालवून घ्याल ना?

आपली ओळख माझ्या बाबांनी करून दिली. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या या ब्लॉकमध्ये तुम्ही आमच्या खालच्याच मजल्यावर, पण लिफ्टमधल्या 'गुड मॉर्निंग'पलीकडे आपलं बोलणं कधी गेलं नव्हतं. बाबा सांगलीहून आले होते. खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी तुम्ही आणि मेई लिंग कॉफी पीत बसला होतात. बाबा एकदम थबकले.

"वृंदा, या माणसाला मी मरताना पाहिलंय!"

मी त्यांना गप्प करतेय तोवर ते तुमच्या टेबलाशी पोचलेसुद्धा, आणि आपल्या हेडमास्तरी इंग्रजीत तेच वाक्य त्यांनी तुम्हाला ऐकवलं.

"कुठल्या सिनेमात?" तुम्ही विचारलंत.

"नाव आठवत नाही. घोड्यावरून पडून."

"तेवढ्यावरून कसं सांगू, सर? निम्म्या सिनेमांत मी घोड्यावरूनच पडलोय!"

त्या दिवसापासून तुम्ही आमचे झालात. बाबा परत गेले, पण तुमचं वर येणं सुरू झालं. साबुदाण्याची खिचडी तुम्हाला इतकी आवडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं! खाता खाता तुम्ही सांगायचात. लॉस एंजेलिसमधलं बालपण, लहानपणीच मेक्सिकोहून आलेले आईवडील. वडील लिंबांच्या बागेत राबायचे, आई कपड्यांच्या कारखान्यात शिवायची. शाळेतल्या एका बाईंनी तुम्हाला नाटकात उभं केलं आणि तुम्ही बिघडलात, असं तुम्हीच म्हणायचात. रंगभूमीवर तुम्ही राजे केलेत. सिनेमात गेल्यावर मात्र एजंटनं राफाएलचं राल्फ केलं, आणि दिग्दर्शकांनी राल्फला दरोडेखोर. शिवाय बोलायचं कसं, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत! जन्मापासून अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्या तुम्हाला ते बोलणं आरशासमोर शिकावं लागलं.

एकदाच तुम्हाला खरा माणूस मिळाला. टीव्ही मालिकेतला एका लहान गावातला डॉक्टर. त्याला आडनाव होतं, बायको होती, बागेत टोमॅटो होते. मालिका लवकरच बंद पडली, पण पुढं कितीतरी वर्षांनी दुकानात एका म्हाताऱ्यानं तुम्हाला गाठून पँट वर केली आणि सुजलेला गुडघा दाखवला. हे सांगताना तुमचा चेहरा काय फुलायचा! तो डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. विचारू, विचारू म्हणत राहूनच गेलं.

मग सिंगापूरला शूटिंगला आलात, समुद्री चाचा म्हणून. तुम्हाला खोटी जखम रंगवणारी मेकअपवाली मुलगी, म्हणजे आपली मेई लिंग, आवडली, आणि तुम्ही इथलेच झालात.

इरा तुमच्यामागं लागली त्याला कारण नाटकाचं वेड. इथंच जन्मलेली, इथल्याच शाळेत वाढलेली माझी मुलगी. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाललेलं. मागच्या वर्षी एका वेब सिरीजसाठी तिला दुसऱ्या फेरीसाठी निवडलं, तरी ती रडकुंडीला येऊन परतली. दिग्दर्शक म्हणाला होता, "मोअर इंडियन, कॅन?" मान हलवत, शब्द घोळवत बोलून दाखव, लोक हसले पाहिजेत.

मी म्हणाले, सोडून दे. ती तडक तुमच्याकडं आली, मी तिच्यामागून. मला वाटलं, तुम्हीही तेच सांगाल. पण तुम्ही म्हणालात,

"करू नकोस असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मी तेच केलं आणि त्यावर घर चालवलं. फक्त त्याला एक विचार. या मुलीचं नाव काय?"

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत तिनं विचारलं. कागदावर नुसतं 'इंडियन मुलगी' लिहिलेलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, नावानं काय फरक पडतो? मग इरानं ते वाक्य तिच्या स्वतःच्या बोलण्यात म्हटलं. 'थँक यू' म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

केवढी चिडली होती तुमच्यावर! "तुम्ही स्वतः आयुष्यभर घोड्यावरून पडलात ना? मग मलाच का अडवलंत?" तुमच्या दारात उभी राहून ओरडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "बरोबर आहे तुझं." त्यानंतर तुम्ही लिफ्टमध्ये भेटू नयेत म्हणून ती जिन्यानं जायची. तुम्ही तिच्या मागं लागला नाहीत, की रागावलाही नाहीत. फक्त मला विचारायचात, "नटीबाई कशा आहेत?"

ती परत आली ती आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेमुळं. बापाशी भांडणाऱ्या मुलीचं काम होतं. मंडळातले सगळे कौतुकच करत होते आणि तिला ते पुरत नव्हतं. एका संध्याकाळी ती मुकाट्यानं तुमच्याकडं गेली. ब्लॉकखालच्या बाकावर तुमच्या तालमी सुरू झाल्या. मराठीचा एक शब्द तुम्हाला कळत नव्हता, तरी मध्येच हात वर करून थांबवायचात. "हे वाक्य मला पटलं नाही." आणि नेमकं तेच वाक्य तिनं अर्थ न कळता पाठ केलेलं असायचं!

मग ती वर येऊन मला विचारायची. "आई, जीव टांगणीला लागला म्हणजे काय?" माझ्या मुलीनं मराठी शब्दाचा अर्थ आपणहून विचारावा! मी भाजी करपू दिली, पण अर्थ सांगितला.

एक दिवस ती तुम्हाला म्हणाली, "कशाला एवढी मेहनत? गणपती झाले की माझं मराठी कोण ऐकणार?" तेव्हा तुम्ही तिला तुमच्या आईचं सांगितलंत. तुमच्या आईवडिलांच्या लहानपणी अमेरिकन शाळेत स्पॅनिश बोललं की छडी बसायची. मुलांना तसला मार नको, म्हणून तुमच्या घरात स्पॅनिशला बंदी. शेवटच्या आजारात आईची इंग्रजी पार पुसली गेली. ती तासन्‌तास बोलायची आणि तुम्हाला कळायचं ते निम्मंशिम्मं. उरलेलं एक नर्स समजावून सांगायची. आख्ख्या अमेरिकेनं ज्याला मेक्सिकन म्हणून पाहिलं, त्याला आपल्या आईचं बोलणं परक्या बाईकडून समजून घ्यावं लागलं.

इरा वर आली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी उद्यापासून आजोबांना फोन करू? मराठीत?"

हे सगळं चालू असताना तुम्ही उपचारांना जात होतात. आम्हाला का नाही सांगितलंत? हातात काठी आली तेव्हा मी विचारलं होतं. "म्हाताऱ्याची भूमिका आलीय, सवय करतोय," म्हणालात. आणि मी हसले! नटाशी शेजार म्हणजे असं. एवढं एक मात्र तुमचं मला पटलेलं नाही.

प्रयोगाला तुम्ही पहिल्या रांगेत माझ्या आणि मेई लिंगच्या मध्ये बसला होतात. भांडणाचा प्रसंग आला. इरा बापाकडं पाठ करून बोलायला लागली. तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि पुटपुटलात, "हे सगळं पटलं." दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

अंत्यविधीला इरानं बोलावं अशी मेई लिंगची इच्छा होती. पोरीनं इंग्रजीत छान तयारी केली होती. पहिल्याच वाक्यानंतर तिनं हातातला कागद मिटला. आणि मराठीत बोलायला लागली. मेई लिंगचे नातेवाईक, ब्लॉकमधल्या चिनी, मलय बायका, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुणी हललं नाही. ती म्हणाली, "अंकल, तुम्ही मला माझ्या आईशी बोलायला शिकवलंत."

ते ऐकायला तुम्ही हवे होतात.

आता थोडं पुढचं. मेई लिंग रविवारी आमच्याकडं जेवते. आमटी आणखी तिखट कर म्हणते. तिला आम्ही एकटं पडू देणार नाही, हे तर तुम्हाला सांगायलाही नको. दुसरं जरा कठीण आहे. इराला नाट्यशिक्षणाला जायचंय. तिच्या बाबाचा, निखिलचा, चेहरा उतरलाय. "आधी इंजिनीअरिंग कर, मग हवं ते कर," असं तो म्हणतो, आणि खरं सांगायचं तर भीती मलाही वाटते. पण वचन देते, मी तिच्या बाजूनं उभी राहीन. नवऱ्याशी भांडावं लागलं तर भांडेन. आणि उद्या कुणाच्या सांगण्यावरून ती आपलं नाव बदलायला निघाली, तर तिच्याशीही भांडेन.

तुमची, वरच्या मजल्यावरची,
वृंदा