काकाच्या गोळ्या आणि शुक्रवार

आप्पा, एक विचारायचं राहून गेलं. काकाच्या गोळ्यापण शुक्रवारी सुट्टी घेतात, असं तुम्ही म्हणायचात. ते थट्टेनं, की तुम्हाला खरंच तसं वाटायचं?

सत्तरच्या दशकातलं आपलं टेमघरचं घर. तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ, दोघंही एकाच कारखान्यात लूमवर. काकाला कानात कुणीतरी सतत शिव्या घालतंय असं ऐकू येई. ठाण्याच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या दिल्या. त्याच गोळ्यांनी आपल्या गल्लीतला, हाच आजार असलेला, सुताच्या कांड्या भरणारा कामगार माणसात आला, ड्युटीला लागला. काका मात्र लूमच्या खडखडाटात शांत, आणि शुक्रवारच्या सुट्टीला माग बंद झाले की भिंतीशी भांडायला उभा. मला अजून नवल वाटतं, आवाजावर आवाजाचाच उतारा! पण डॉक्टरांकडे न्यायला मोकळा वार तोच, म्हणून त्यांना कायम भांडणारा काकाच दिसला. दर खेपेला गोळ्या वाढल्या. शेवटी त्या गोळ्यांनीच बोटं इतकी ताठरली की तुटल्या धाग्याला गाठ मारता येईना. "इसको अब घर पे बिठाओ," शेठ म्हणाले. घरात काय, रोजच शुक्रवार.

तो गोळ्या थुंकतो हा तुमचा संशय. जेवण झालं की दरडावायचात, "आ कर. जीभ उचल." तो बिचारा तोंड उघडून दाखवी. "गिळली रं दादा. पन ती कानातली मानसं जात न्हाय." तुम्ही गेलात तरी तो संशय आमच्या मनातून गेला नाही. तुमच्या तिरडीपाशी तो कोरडा ठक्क उभा होता. सख्खा भाऊ गेला आणि टिपूस नाही, असं लोक बोलले. मलाही राग आला होता.

आता डॉक्टर सांगतात, या आजाराच्या तऱ्हा अनेक; काहींना नेहमीच्या गोळ्या लागूच पडत नाहीत. काका खोटं बोलत नव्हता, आप्पा. रक्त तपासत राहून द्यायची एक वेगळी गोळी आहे, ती त्याला म्हातारपणी मिळाली. ती माणसं पुरती गेली नाहीत, पण लांब गेली.

परवा दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यानं विचारलं, "दादा कवा गेला रं?" मी सांगितलं. तेव्हा त्या माणसांच्या गलक्यात तुमचं जाणं त्याच्यापर्यंत पोचलंच नसावं. शेंगा तशाच मांडीवर ठेवून तो हमसून हमसून रडायला लागला. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून लिहितो: मी त्याला गप्प केलं नाही. तो तुमच्यासाठी रडत होता आणि मला फार बरं वाटत होतं.