बेबी आज अकरा वेळा हसली

४ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. नवी वही आणायची होती, पण आईच्या वहीची मागची पंधरा-वीस पानं कोरी सापडली. तिने पुढून लिहिलंय, मी वही उलटी करून मागून सुरुवात करतो. तिची दोन-तीन पानं चाळली. बेबीने काय खाल्लं, किती प्यायली, कुठे हात धरला, कशी हसली. अक्षर किरटं. सगळं भावनिक, आकडा नावाला नाही. सवडीने वाचीन.

आई जाऊन दोन महिने झाले. इतके दिवस शेजारणीने बेबीला आईच्याच पद्धतीने सांभाळलं. बेबी आता माझ्याकडे, म्हणजे मी तिच्याकडे राहायला आलो. बेबी माझी धाकटी बहीण. वय सेहेचाळीस, पण समज चार-पाच वर्षांच्या मुलीची, असं डॉक्टर लहानपणापासून सांगत आले. येणारे शब्द तीसेक. पहिला 'दादा'. आईने तिला फार डोक्यावर चढवून ठेवलं होतं. मी झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बावीस वर्षं आहे. औषधाच्या बाटलीचं झाकण एकदा फिरवून सांगतो, गळेल की नाही. तिथे एक माणूस सांभाळायचा म्हणजे काय अवघड आहे?

संकल्प: सगळं मोजायचं. लाड बंद. चिडायचं नाही.

५ मार्च, मंगळवार
तक्ता तयार करून फ्रिजवर लावला. रकाने तीन: हसणं, हट्ट, कपडे खराब. हसली की हिरवा ठिपका. आज दोन.

आईची सकाळची पद्धत म्हणजे थाटच होता. बेबीला कोमट पाणी, भिजवलेले मनुके, मग संडासात पायाखाली छोटं स्टूल आणि आई दाराबाहेर वीस मिनिटं गाणी म्हणत बसलेली. मला साडेसातची बस असते. मनुके बंद (साखर). स्टूल माळ्यावर टाकलं (अडखळून पडायची). वेळ पाच मिनिटं. कारखान्यात दोनशे माणसं तेवढ्यात उरकतात.

७ मार्च, गुरुवार
कपडे खराब: शून्य. सलग तिसरा दिवस! आईच्या राज्यात आठवड्याला दोन चादरी धुवाव्या लागायच्या. आई हयात असती तर तिला दाखवलं असतं. हसणं: चार.

९ मार्च, शनिवार
बेबी दिवसभर ज्या कार्यशाळेत कागदी पाकिटं चिकटवते, तिथल्या बाईंनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, बेबी काम टाकून पोट धरून बसते आणि हसत राहते. तुमच्या आई म्हणायच्या की हिचं हसणं जरा तपासून घ्यावं लागतं. डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, हसणं हा आजार असेल तर आमचे मॅनेजर शंभरी गाठणार. बाई हसल्या नाहीत. काही लोकांना नाक खुपसायची सवयच असते.

कपडे: शून्य.

१२ मार्च, मंगळवार
बेबीचं पोट सुटलंय. कार्यशाळेत बिस्किटं चारत असणार. उद्यापासून डाएट आणि व्यायाम. बोटाने दाबून पाहिलं, चांगलं टणक लागलं. व्यायामाचा गुण म्हणावा तर व्यायाम उद्यापासून आहे. दाबल्यावर खो खो हसली. एकूण सात.

१४ मार्च, गुरुवार
जिना चार वेळा चढायचा ठरला होता. तिसऱ्या खेपेला पायरीवर बसली. माझा शर्ट धरून दादा, दादा. हट्टाच्या रकान्यात फुली मारली.

चिडायचं नाही असं ठरलं होतं. थोडा ओरडलो. प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. बराच ओरडलो. ती हसली, म्हणजे मनावर घेतलं नसावं. सकाळचं दूध नको म्हणाली, जेवणही सोडलं. डाएट तिने आपणहून सुरू केलं हे मला आवडलं.

१५ मार्च, शुक्रवार
बाईंचे तीन फोन आले, म्हणून एकदाचं डॉक्टरांकडे नेलं. बाहेर दीड तास, आत चार मिनिटं. डॉक्टर तिला काय होतंय विचारू लागले. ती तोंड उघडेपर्यंत मी सांगून टाकलं. वेळ कशाला घालवायचा? तपासायच्या टेबलावर चढेना, दाराची कडी धरून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या. पोट साफ होतं का, विचारलं. मी म्हटलं, उत्तम, अकरा दिवसांत एकदाही कपडे खराब नाहीत. त्यांनी मान डोलावली. अशा मुलींचं असंच असतं, म्हणाले, आई गेल्याचं दुःख वागण्यातून बाहेर येतं. शांत राहायची गोळी दिली, दिवसातून दोनदा. तक्ता सोबत नेला होता. तो पाहून म्हणाले, असे नातेवाईक सगळ्यांना मिळायला हवेत.

येताना छाती जरा पुढे काढून चाललो. बेबी मागे राहत होती. तिचा हात धरून ओढावं लागलं.

१७ मार्च, रविवार. दुपारी १
बेबी आज अकरा वेळा हसली. रेकॉर्ड.

सकाळी दोन उलट्या. गोळी मानवली नसेल. कपडे खराब: एक, फक्त थोडं पाणी. म्हणजे एका अर्थी पोट साफच झालं. बाईंचा फोन वाजला. रविवारी कोण उचलतं?

मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मध्येच हसायची आणि माझ्याकडे बघायची. बरं वाटलं. आईला जमलं नाही ते दोन आठवड्यांत साधलं असं वाटलं.

१८ मार्च, सोमवार. सकाळी ९
एकदम शांत आहे. गोळी लागू पडली. हसणं शून्य. ओठ कोरडे, हात गार. अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.

११.४०
बाई घरी येऊन थडकल्या. बेबीच्या पोटाला हात लावला, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझ्याच फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. मी तक्ता दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, तो राहू दे हो दादा, तिची चप्पल घ्या.

१९ मार्च, मंगळवार. इस्पितळ
काल संध्याकाळी ऑपरेशन झालं. मळ साचून साचून आतडं अडलं होतं, मग फाटलं. हातभर कापून काढलं. पोटाला पिशवी लावलीय. धोका टळलेला नाही.

सर्जन बाईंनी विचारलं, शेवटचं संडासला कधी झालं होतं? मी तक्ता काढला. त्यात तो रकानाच नव्हता. पाचेक तारीख असेल, असं अंदाजाने सांगितलं. त्या म्हणाल्या, आठवड्याभरात आणलं असतं तर औषधाने मोकळी झाली असती. डॉक्टरांनाही कळलं नव्हतं, मी म्हटलं. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं, त्यांनी विचारलं. मी पाणी प्यायला गेलो.

नंतर नर्सने फॉर्म दिला. रुग्णाला बोलता येत नसेल तर जवळच्या माणसाने भरायचा. आनंद कसा दाखवते? लिहिलं: हसते. दुखत असेल तर कसं दाखवते? लिहिलं: रडते. बेबीला रडताना मी कधी पाहिलेलं नाही, पण दुखलं की माणसं रडतात. खाली सही केली.

२० मार्च, बुधवार. दुपारी ४
वॉर्डाबाहेरचा बाक. वही संपत आली. माझी पानं आईच्या पानांना येऊन भिडली. दुसरं काम नव्हतं म्हणून वही सुलटी केली आणि तिचं शेवटचं पान वाचलं.

'सकाळी तीनदा हसली. पोट दुखतंय तिचं. कोमट पाणी, मनुके, स्टूल. साडेनऊला मोकळी झाली, मग हसायची थांबली.' मागची पानं उलटत गेलो. दाढ किडली तेव्हा हसली. कान फुटला तेव्हा हसली. बोट दारात चेमटलं, तासभर हसली. एका पानावर चौकट करून: 'हसली की दुखतंय. हे दादाला समोर बसवून सांगायला हवं. तो नेहमी घाईत असतो.'

फ्रिजवरचे सगळे हिरवे ठिपके मीच काढले होते.

४.१५
आत धावलो. नर्स म्हणाली, तुमची बहीण आज खुशीत आहे, सकाळपासून हसतेय. दुखण्याच्या तक्त्यावर नर्सनेच हसऱ्या चेहऱ्याला खूण केली होती. वेदना: शून्य. म्हणून लागेल तसं द्यायचं दुखण्याचं इंजेक्शन सकाळपासून दिलेलंच नाही. मी सांगितलं, ती दुखतंय म्हणून हसतेय. नर्सने शांतपणे माझा फॉर्म काढून समोर धरला. सही तुमचीच ना, म्हणाली. आईची वही दाखवली. तिने पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, यावरून मला देता येणार नाही, वॉर्डाच्या डॉक्टरांना फोन लावते, ते एका ऑपरेशनमध्ये आहेत. पाचपर्यंत येतील.

४.३५
फोन लागला नाही. पुन्हा लावायला सांगितलं. ओरडलो, तर वॉर्डबॉयने बाहेर जायला सांगितलं. गेलो नाही. पाया पडतो म्हटलं. नर्स सर्जन बाईंना शोधायला गेलीय.

बेबीने माझं बोट धरलंय. दादा म्हणाली. मी वाकून तिला सांगितलं, कळलं मला, बेबी. ती माझ्याकडे बघून हसली.

आता मोजायचं नाही असं ठरवलंय.

चौदा.